गाडीचा विमा : हप्ता ठरतो कशावर आणि वय आडवे येते कुठे



बैलगाडीला विमा लागत नव्हता. बैल बुजला, कुणाच्या कुंपणात शिरला, तर चार माणसे बसून ते गावातल्या गावात मिटत असे. आता दारात मोटारसायकल उभी असते. बऱ्याच घरांत ट्रॅक्टर आहे, काही घरांत जीप किंवा छोटी मोटारही आली आहे. गाडीबरोबर एक कागद येतो, तो विम्याचा. हा कागद ट्रॅक्टरच्या पेटीत, नाहीतर कपाटातल्या पिशवीत घडी घालून पडलेला असतो. वाटेत पोलिसाने अडवले तर दाखवायचा, एवढीच त्याची ओळख. आत काय लिहिले आहे ते फार थोडे लोक वाचतात.

विम्याची गोष्ट निघाली की पारावर एक प्रश्न हमखास येतो. पोरगा वीस वर्षांचा आहे, गाडी त्याच्या नावावर घेतली तर हप्ता जास्त बसेल का? आजोबांच्या नावावर घेतली तर कमी बसेल का? प्रश्न रास्त आहे, कारण कुणाचा भाचा लंडनला असतो, कुणाचा पुतण्या न्यूजर्सीला असतो, आणि तिकडून ऐकू येते की तरुण पोरांना गाडीच्या विम्यासाठी भरमसाट पैसे मोजावे लागतात. ते खरेच आहे. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी मोटार चालवता येते, पण सतरा-अठरा वर्षांच्या नवशिक्याचा हप्ता त्याच्या बापाच्या हप्त्याच्या कित्येक पट असतो. कंपन्यांचे म्हणणे सरळ आहे. नवशिक्या तरुणांच्या हातून अपघात जास्त होतात, म्हणून पैसे जास्त. पूर्वी तिथे मुलींना मुलांपेक्षा कमी हप्ता असे. युरोपच्या न्यायालयाने स्त्री-पुरुष भेद करू नका असे सांगितले, आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तो फरक काढून टाकावा लागला. वयाचा फरक मात्र राहिला. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. हवाईसारख्या राज्यात चालकाच्या वयावरून हप्ता ठरवायलाच मनाई आहे, तर इतर बऱ्याच राज्यांत वय हा हिशेबातला मोठा आकडा असतो.

आपल्याकडे तसे नाही. आपल्या देशात हप्ता प्रामुख्याने गाडी पाहून ठरतो, गाडी चालवणारा पाहून नव्हे. तेव्हा आजोबांचे नाव घालून पैसे वाचतील ही आशा सोडा. पण म्हणून वयाचा संबंधच नाही असे समजू नका. वय आपल्याकडेही आडवे येते, फक्त ते हप्ता भरताना येत नाही. अपघात झाल्यावर येते, आणि तेव्हा हिशेब हजारांचा राहत नाही.

एका कागदात दोन विमे

आधी हप्त्याचे पाहू. विम्याच्या कागदात खरे तर दोन निराळे विमे असतात. एक तिऱ्हाइताचा, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात. तुमच्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, हातपाय मोडला, मालाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या विम्यातून मिळते. हा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. दुसरा विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक आहे. दोन्ही एकत्र घेतले की त्याला फुल इन्शुरन्स म्हणण्याची पद्धत आहे.

तिऱ्हाइताच्या विम्याचा दर कंपनीच्या हातात नाही. तो सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात ७५ सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला वर्षाला ५३८ रुपये, त्यापुढे १५० सी.सी.पर्यंत ७१४, ३५० सी.सी.पर्यंत १,३६६ आणि त्यावरच्या दुचाकीला २,८०४ रुपये असा दर होता. घरगुती मोटारीला १००० सी.सी.पर्यंत २,०९४, पुढे १५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये. कर निराळा. या तक्त्यात इंजिन आहे, वय कुठेच नाही. अमुक कंपनीचा थर्ड पार्टी स्वस्त आहे असे कुणी सांगू लागला, तर त्याला तक्ता दाखवायला सांगा. नवी गाडी घेताना एकदम मोठी रक्कम मागितली जाते, त्याचे कारण वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदम घ्यावा लागतो. ती फसवणूक नव्हे.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर मात्र १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळा आहे. तिथे घासाघीस चालते आणि तिथेच समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. गाडी किती जुनी, इंजिन केवढे, नोंदणी कुठली, यावर तो ठरत आला आहे. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे एका विभागात आणि बाकीचा सगळा देश दुसऱ्या विभागात धरतात. तुमची गाडी बीडला किंवा साताऱ्याला नोंदलेली असेल तर दर थोडा कमी बसतो. पुण्याच्या चुलत्याच्या पत्त्यावर गाडी नोंदवण्यात हा एक तोटा आहे. मालकाचे वय किंवा धंदा पाहून थोडीफार सूट देणाऱ्या कंपन्या असतात, तशी सूट मिळाली तर घ्यावी, पण मुख्य भार गाडीवरच.

यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे गाडीची जाहीर किंमत. कागदावर आयडीव्ही अशी अक्षरे असतात. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेला, तर कंपनी देते ती हीच रक्कम. गाडीची नवी किंमत धरून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा वजा होतो. एजंट कधीकधी हा आकडा मुद्दाम खाली आणतो, हप्ता पाच-सातशेंनी उतरतो आणि आपण खूश होतो. पुढे गाडी चोरीला गेली की पन्नास हजार कमी हातात पडतात. हप्ता कमी का झाला, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

दुसरी गोष्ट दावा न करण्याची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग ओळीने २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की सूट शून्यावर. समजा, तुमच्या मोटारीचा या भागाचा मूळ हप्ता ६,००० आहे आणि चार वर्षे दावा नसल्याने तुम्ही ३,३०० भरता. बाजाराच्या दिवशी गाडी मागे घेताना बंपर फुटला. खर्च ३,५००. बंपर प्लास्टिकचा, त्यावर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, उरले १,७५०. त्यातून छोट्या मोटारीला पहिले १,००० रुपये मालकानेच सोसायचे असतात. हातात आले ७५०. पुढच्या वर्षी सूट वाढून हप्ता ३,००० झाला असता, तो आता ६,००० भरायचा. साडेसातशेसाठी तीन हजार घालवले, आणि सूट पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. गॅरेजवाला ‘इन्शुरन्समधून करून देतो’ म्हणतो तेव्हा त्याचे बिल निघते, आपले नाही. मोठे नुकसान असेल तेव्हा दावा जरूर करावा, त्यासाठीच तर विमा असतो.

पॉलिसीची मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर ही सूट आपोआप जाते. सुगीच्या गडबडीत तारीख हुकते, म्हणून ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ज्यांची गाडी वर्षातले बरेच दिवस उभीच असते, त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये, गाडी जितकी फिरेल त्या मानाने हप्ता अशी जोड देण्यास कंपन्यांना मुभा दिली. चालक कसा चालवतो हे पाहून हप्ता ठरवण्यासही त्याच वेळी परवानगी मिळाली. म्हणजे चालकाची पारख आपल्याकडेही हळूहळू शिरू लागली आहे.

वय आडवे येते ते इथे

आता मुख्य गोष्ट. घरातला पोरगा नववी-दहावीला गेला की ट्रॅक्टरच्या सीटवर बसतो. घरच्यांना कौतुक वाटते. नांगरट करतो, मळ्यातून उसाची मोळी आणतो, दुधाची किटली घेऊन डेअरीवर मोटारसायकलने जातो. चालवतोही चांगली. पण कायदा हात पाहत नाही, वय पाहतो. मोटारसायकल, मोटार, ट्रॅक्टर यांना अठरा वर्षे पूर्ण हवीत. भाड्याने माल किंवा माणसे वाहणाऱ्या गाडीला वीस. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो गिअर नसलेल्या, ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीचा. पण खेड्यात दूध-भाजी वाहायला वापरतात ती मोपेडसुद्धा त्याच्या वरची असते. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाला स्कूटर चालते हा समज मनातून काढून टाका.

अशा मुलाच्या हातून रस्त्यावर माणूस मेला तर काय होते ते नीट वाचा. मृताचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाते. भरपाईचा हिशेब कसा करायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिले आहे. गंमत पाहा, हप्त्यात नसलेले वय इथे ठाण मांडून बसते, ते मरणाऱ्याचे वय. समजा, मृत माणूस तीस वर्षांचा, सुतारकाम करून महिना १५,००० मिळवणारा, मागे आई, बायको आणि दोन मुले. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १,८९,०००. सव्वीस ते तीस वयाला गुणक १७. एकूण ३२,१३,०००. अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज निराळे.

विमा असेल आणि चालकाकडे योग्य परवाना असेल, तर ही रक्कम कंपनी भरते. तुम्ही भरलेले ते सातशे चौदा रुपये एवढे काम करतात. पण चालक अठराच्या आतला असेल तर मालकाने जाणूनबुजून अट मोडली असे ठरते. मग न्यायाधिकरण बहुतेक वेळा असा हुकूम देते की कंपनीने मृताच्या कुटुंबाला आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग स्पष्ट केला. मरणाऱ्याच्या मुलाबाळांवर अन्याय होऊ नये म्हणून तो आहे, आणि ते योग्यच आहे. वसुली मात्र कशी होते, हे शेतकऱ्याने समजून घ्यायला हवे. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. बत्तीस लाख रुपये घरात कुणाकडे पडलेले असतात?

एवढ्यावर भागत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात नवे कलम आले आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मला माहीत नव्हते, मी नको म्हणत होतो, हे मालकालाच सिद्ध करावे लागते. किल्ली खुंटीला टांगलेली असते, तेव्हा हे सिद्ध करणे अवघडच.

मोठ्यांचीही एक अडचण आहे. परवाना जन्मभराचा नसतो. तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिशीपर्यंत चालतो, तीस ते पन्नासमध्ये काढलेला दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेला साठीपर्यंत आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. साठी उलटलेल्या कितीतरी वडीलधाऱ्यांचा परवाना कधीच संपलेला असतो आणि कुणी पाहिलेले नसते. गाडी त्यांच्या नावावर, विमाही त्यांच्या नावावर. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून आहे, त्याचा दावासुद्धा मालकाकडे चालू परवाना असेल तरच उभा राहतो. आज संध्याकाळी अण्णांचा परवाना कपाटातून काढा आणि त्यावरची तारीख बघा.

सालगडी किंवा पगारी ड्रायव्हर ठेवत असाल तर त्याचा परवाना डोळ्यांनी पाहा आणि त्याची प्रत घरी ठेवा. त्याच स्वर्णसिंग निकालात म्हटले आहे की मालकाने वाजवी काळजी घेतली असेल आणि परवाना पुढे खोटा निघाला, तर केवळ तेवढ्यावरून मालकावर वसुली लादता येत नाही. ती घरी ठेवलेली प्रत तेव्हा कामाला येते.

ट्रॅक्टरचे प्रकरण निराळे

ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ‘शेतीच्या वापरासाठी’ असे शब्द असतात. आपण मात्र ट्रॅक्टरने काय काय करतो? लग्नाचे वऱ्हाड नेतो, यात्रेला जातो, वाळू-मुरूम वाहतो, वीटभट्टीची माती ओढतो. सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये असेच एक प्रकरण होते. मजूर ट्रॉलीत बसून वीटभट्टीसाठी माती आणायला निघाला होता. ट्रॉलीचा विमा नव्हता आणि कामही शेतीचे नव्हते. जबाबदारी कंपनीची नाही असे ठरले. मजूर गरीब म्हणून न्यायालयाने आपला खास अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून परत घेण्याची मुभाही दिली.

तेव्हा ट्रॉली पॉलिसीत नोंदलेली आहे का, ते आधी तपासा. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही हव्यात. हंगामात दुसऱ्यांचा ऊस भाड्याने कारखान्यावर नेत असाल तर तसे कंपनीला आणि आरटीओला सांगून योग्य ती नोंदणी आणि पॉलिसी घ्या. हप्ता वाढेल, वाढू द्या. चालकाच्या परवान्याबद्दल एक दिलासा आहे. ट्रॅक्टरचा परवाना असलेला माणूस ट्रॉली जोडली म्हणून बिनपरवान्याचा ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे. पुढे हलक्या मोटार वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतो, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी कायम केले. आणि मडगार्डवर बसणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरला बैठक एकच, ती चालकाची. तिथे बसलेला माणूस पडून चाकाखाली गेला तर पॉलिसी त्याच्यासाठी नसते. मग तो मजूर असो की स्वतःचा मुलगा.

कर्जावरच्या ट्रॅक्टरला एक फायदा असतो. बँक तगादा लावून विमा भरून घेते, कधी खात्यातूनच कापते. कर्ज फिटले की पेढे वाटले जातात आणि बँकेचा तगादाही बंद होतो. नेमका त्या वर्षापासून विमा सुटतो. ट्रॅक्टर तसाच चालत राहतो. तुमचे कर्ज गेल्या दोन-तीन वर्षांत फिटले असेल तर पॉलिसीची तारीख पाहा. तिच्यावरचे बँकेचे नावही काढून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी बँकेचे पत्र आणायला हेलपाटे घालावे लागतात.

गाडी विकतानाची पद्धतही बदलायला हवी. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिले, पैसे घेतले, किल्ली दिली, आणि आरटीओत नाव तसेच राहिले. घेणाऱ्याने दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे पाच वर्षांपूर्वी विकलेल्या मोटारसायकलच्या अपघाताची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. नाव बदलल्याचा कागद पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे धरू नका. घेणाऱ्याने चौदा दिवसांत कंपनीला अर्ज करून विमा आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. दावा न केल्याची सूट मात्र गाडीबरोबर जात नाही. ती विकणाऱ्या माणसाची असते. कंपनीकडून तसे पत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत त्याच प्रकारची दुसरी गाडी घेतलीत, तर कमावलेली पन्नास टक्के सूट त्या गाडीला लावता येते.